पेरुंगुडीचा एकमार्गी नांगर

नांगर वर यायचा. त्याबद्दल उमाकांत खासनिसांची काही तक्रार नव्हती. बटण दाबलं की मोटर घरघरायची, दोर गुंडाळला जायचा आणि लोखंडी नांगर शहाण्या मुलासारखा वर येऊन होडीच्या टोकाला टेकायचा. तक्रार एवढीच होती की खाली जायला तो तयार नव्हता. यंत्राला बटण एकच होतं आणि त्या बटणाला दिशाही एकच ठाऊक होती.

पेरुंगुडीतल्या एका चार मजली इमारतीच्या पार्किंगमध्ये विजेवर चालणारा नांगर काय करत होता, असा प्रश्न कोणालाही पडेल. तो इमारतीतल्या बऱ्याच लोकांनाही पडला होता. पण मागच्या डिसेंबरातल्या वादळात पाणी फाटकातून आत आलं, गाड्यांच्या टपांवरून गेलं आणि तळमजल्यावरच्या खासनिसांच्या घरात शिरून फ्रिज उताणा करून गेलं. त्यानंतरच्या सभेत होडी विकत घेण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. चेन्नईत सोसायटीला असोसिएशन म्हणतात, एवढाच फरक; बाकी पुराच्या आठवणीने एकमत होतं आणि पाणी ओसरल्यावर ते मोडतं, हे सगळीकडचंच आहे. निळ्या रंगाची एक जुनी फायबरची होडी आली, पाहुण्यांच्या गाड्यांसाठी राखलेल्या जागेत ठेवली गेली आणि होडी समितीचे निमंत्रक म्हणून खासनिसांची नेमणूक झाली. रेल्वेच्या सिग्नल खात्यात ज्याने उभं आयुष्य काढलं त्याला होडीतलं कळत असलंच पाहिजे, असं सभेचं मत पडलं. खासनिसांनी त्याला हरकत घेतली नाही.

पुराच्या पाण्याला ओढ असते. होडी बाल्कनीखाली थांबली तर माणूस तिच्यात उतरणार. थांबायची तर नांगर हवा. नांगर उचलायचा तर कंबरा हव्यात, आणि समितीत कंबरा भरपूर असल्या तरी वापरण्याजोगी एकही नव्हती. म्हणून खासनिसांनी विजेचं यंत्र मागवलं. ते होडीच्या टोकाला बसवायचं, बॅटरीला जोडायचं. नांगर वर ओढायचं काम मोटर करील आणि खाली सोडायचा असेल तेव्हा बाजूचा दांडा सैल करायचा, नांगर आपल्याच वजनाने खाली जाईल, असं सोबतच्या पुस्तिकेत लिहिलं होतं.

पुस्तिका खरं बोलत होती. पहिल्याच प्रयोगात खासनिसांनी दांडा सैल केला आणि नांगर आपल्याच वजनाने खाली गेला. फक्त तो इतक्या मन लावून गेला की होडीशेजारी ठेवलेल्या कढीपत्त्याच्या कुंडीचे, मातीचे आणि कढीपत्त्याचे वेगवेगळे ढीग झाले. कुंडी दुसऱ्या मजल्यावरच्या कृष्णकांत वझलवारांची होती.

वझलवार बँकेतून निवृत्त झालेले, मूळचे नागपूरचे. होडीच्या ठरावावर त्यांनी हात वर केला होता तो पंखा बंद करा म्हणून सांगायला, असं ते आजही सांगतात. ते खाली आले, त्यांनी ढिगांकडे पाहिलं, मग खासनिसांकडे.

"काय राजेहो, पुरात वाचवणार म्हणता आम्हाला? तुमच्या होडीखाली पोहत आलो तर?"

"होडीखाली पोहत यायचं कारणच काय?" खासनीस म्हणाले.

"कढीपत्त्याला तरी काय कारण होतं?"

संध्याकाळी सूचनाफलकावर वझलवारांच्या वळणदार अक्षरातला कागद लागला. यंत्राचा दांडा काढून ठेवावा आणि नांगर मोटरच्या मदतीने, सावकाश, खालीही जाईल अशी व्यवस्था झाल्याखेरीज होडी हलवू नये. कागदावर सह्या बऱ्याच होत्या. त्यात एक सौ. विद्युलता खासनीस यांची होती.

"तू सही केलीस?"

"अहो, कुंडी फुटली तेव्हा मी शेजारीच उभी होते," विद्युलताबाई म्हणाल्या. "दोन वीत इकडे पडला असता तर आज सही करायला उरले नसते."

हे सारं इमारतीपुरतं राहिलं असतं तर बिघडलं नसतं. पण त्याच आठवड्यात ऊर्मीचा फोन आला.

ऊर्मी ही खासनिसांची एकुलती एक मुलगी, पुण्याला असते. मागच्या पुरात दोघा आईवडिलांचे फोन बंद पडले होते आणि ती टीव्हीसमोर बसून, पाण्यात बुडालेली प्रत्येक पिवळी इमारत आपलीच समजून रडली होती. तेव्हापासून तिने एकच धोशा लावला होता: चेन्नईचं घर विका आणि पुण्याला या. वाकडला तिच्याच इमारतीत दहाव्या मजल्यावर जागा रिकामी होती. दहाव्या मजल्यावर पाणी येत नाही, असं तिचं म्हणणं. उन्हाळ्यात तर नळालाही येत नाही, असं खासनिसांचं. पण मुलीच्या भीतीपुढे विनोद फार काळ टिकत नाही. खासनिसांना हे शहर सोडायचं नव्हतं. इथल्या उकाड्याला नावं ठेवण्यात त्यांचं तारुण्य गेलं होतं, आणि ती नावं समजणारी माणसं इथेच होती. तरी ते मनातून हळूहळू हरत चालले होते. त्या दिवशी फोनवर, हरत असतानाच, त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अगं, आता कसली काळजी? आपली होडी आहे. विजेच्या नांगराची!"

"ठीक आहे बाबा," ऊर्मी म्हणाली. "मी येते. मला ती पाण्यात चालवून दाखवा. चालली तर मी पुन्हा पुण्याचं नाव काढणार नाही. नाही चालली तर तुम्ही दोघं माझ्याबरोबर निघायचं. कबूल?"

"कबूल," खासनीस म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर त्यांना दांडा आठवला. तो कपाटात होता, आणि त्याच्याशिवाय नांगर फक्त वर येत होता.

इमारतीत बातमी पसरायला जिना पुरेसा असतो. सल्ले येऊ लागले. एकाने सांगितलं, मोटर काढून उलटी बसवा, म्हणजे ती उलटी फिरेल. (उलटी बसवलेली मोटर उलटीच फिरते, पण तिचं तोंड होडीत येतं आणि नांगर होडीतल्या माणसांवर उतरतो.) चौथ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी बॅटरीत मीठ घालून पाहण्याविषयी काहीतरी सांगितलं, त्यांना वाक्य पूर्ण करू दिलं नाही. शेजारच्या अंबुजाबाईंनी व्यवहाराचं सांगितलं. त्यांच्याकडे सासूबाईंच्या काळचा इडलीचं पीठ वाटायचा दगडी रगडा होता. "दोरास बांधा नि सोडा," त्या म्हणाल्या. "कसल्याही पुरांत हलायचा नाही." तो परत वर कसा आणायचा, यावर त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, "कशास वर? आतां कोण वाटतं त्यांत?"

अंबुजाबाई आणि त्यांचे यजमान शेषाद्री हे मूळचे तंजावरकडचे. तीनशे वर्षांपूर्वी तिकडे गेलेल्या मराठ्यांच्या घरात जी मराठी उरली, ती ते बोलतात. नव्याने आलेल्या माणसाला वाटतं की एखादी जुनी बखर तमिळ हेल काढून आपल्याशी बोलते आहे. शेषाद्री शाळेत गणित शिकवायचे. खासनिसांचा आणि त्यांचा सकाळचा फिल्टर कॉफीचा पेला गेली कित्येक वर्षं एकाच कठड्यावर होत असे, आणि या काळात त्या दोघांनी एकमेकांची एकही चूक तोंडावर दाखवलेली नव्हती. शेषाद्रींच्या घराण्यात तो शिष्टाचार होता. खासनिसांनी तो त्यांच्याकडून उचलला होता.

"खासनीस सार," शेषाद्री म्हणाले, "अस्के जण, सगळेच, सांगतील. तुम्ही रेल्वेचे. तुम्हांस ठाऊक."

आणि खासनिसांना खरोखरच ठाऊक होतं. मोटरला तारा दोन. एक लाल, एक काळी. त्यांची अदलाबदल केली की मोटर उलटी फिरते. नांगराला दोन्ही दिशा द्यायच्या तर ही अदलाबदल बटणानेच झाली पाहिजे. एक बटण दाबलं की तारा सुलट, दुसरं दाबलं की उलट. असा स्विच विजेच्या सुट्या भागांच्या बाजारात, रिची स्ट्रीटला मिळतो. रिची स्ट्रीटला काय मिळत नाही? खासनीस गेले, एका दुकानदाराला कागदावर आकृती काढून दिली आणि त्याने दिलेला नाजूक, सुबक स्विच घेऊन आले. तो मोटारीच्या खिडकीची काच वरखाली करायचा होता. नांगर आणि काच यांच्या वजनातला फरक त्या स्विचला लगेच कळला. त्याने एक निळसर धूर सोडला आणि पार्किंगभर जळक्या प्लास्टिकचा वास पसरला. वझलवार दुसऱ्या मजल्यावरून ओरडले, "आता धूप पण घालता का?"

दुसऱ्या खेपेला खासनिसांनी जाडजूड, ट्रकला शोभेल असा स्विच आणला.

मध्यंतरी परवानगीचं निघालं. होडी पाण्यात घालायची तर इमारतीमागच्या तळ्यातच घालायला हवी, आणि तळं म्हटलं की खातं आलं. कोणतं खातं, हेच कोणाला माहीत नव्हतं. पहिल्या कार्यालयात म्हणाले, तळ्याची जमीन आमची, पाण्याचं आम्हाला विचारू नका. दुसऱ्यात म्हणाले, पाणी आमचं, पण तुम्ही मासे धरणार का? नाही? मग आमचा संबंध नाही. तिसऱ्यात एक अतिशय सभ्य बाई होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि तमिळमध्ये विचारलं, "होडीत बसणाऱ्यांपैकी कोणी बुडालं, तर त्यांची हरकत नाही असं त्यांच्याकडून लिहून आणाल का?"

"बुडाल्यावर?" खासनिसांनी विचारलं.

"आधी, आधी," बाई घाईने म्हणाल्या. "नंतर अडचण होते."

तशी पत्रं आणली. तरीही होडी तळ्यात घालण्यासाठी कारण लागत होतं, आणि 'मुलीला दाखवणे' हे कारण नियमांत कुठे बसत नव्हतं. शेवटी बाईंनीच तोड काढली. तळ्यात जलपर्णी माजली होती. नागरिकांनी स्वेच्छेने तिची पाहणी केल्यास खात्याची हरकत नव्हती. खासनिसांना एका दुपारपुरता जलपर्णीच्या पाहणीचा परवाना मिळाला. नेमकी ऊर्मी ज्या दिवशी येणार, त्याच दिवसाचा.

आदल्या संध्याकाळी पार्किंगमध्ये जाहीर चाचणी झाली. जोडणी पुरी झाली होती. जाड स्विचच्या दोन बटणांवर खासनिसांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेले दोन कागद चिकटवले होते: एकावर 'वर', दुसऱ्यावर 'खाली'. ट्रॉलीवरच्या होडीभोवती बरीच मंडळी जमली. वझलवार खुर्ची घेऊन आले होते. खासनिसांनी घसा साफ केला आणि 'खाली' दाबलं.

मोटर घरघरली आणि नांगर वर गेला.

खासनिसांनी क्षणभर विचार केला आणि 'वर' दाबलं. नांगर सावकाश, अगदी नम्रपणे, खाली उतरला. जी गोष्ट इतके दिवस होत नव्हती ती झाली होती. यंत्र दोन्ही दिशांना चालत होतं. फक्त कोणती दिशा कुठली, याबाबत त्याचं आणि खासनिसांचं मत जुळत नव्हतं.

याला उपाय अर्ध्या मिनिटाचा होता. तारा बदलायच्या. पण त्यासाठी इतक्या लोकांसमोर वाकून स्वतःची चूक स्वतःच्या हातांनी सुधारावी लागली असती. सिग्नलच्या माणसाने, ज्याच्या भरवशावर एवढ्या आगगाड्या सुखरूप गेल्या, त्याने वर आणि खाली यांत घोटाळा केला, हे त्याने मोठ्याने कबूल करण्यासारखं झालं असतं. खासनिसांनी बटणावरचा हात काढला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "तत्त्वतः यंत्र चालतं."

आणि जमलेल्यांपैकी एकानेही काही म्हटलं नाही. शेषाद्री नांगराच्या रंगाचं कौतुक करू लागले. विद्युलताबाईंनी चहाचं विचारलं. वझलवारांनीसुद्धा आपली खुर्ची मिटली आणि "उशीर झाला" एवढंच बोलून ते वर गेले. खासनिसांना ती शांतता कुंडीच्या आवाजापेक्षा जास्त लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दूधवाला येऊन गेल्यावर, ते एकटेच पार्किंगमध्ये आले. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून त्यांनी मोटरच्या दोन तारा सोडवल्या आणि अदलाबदल करून घट्ट आवळल्या. चालवून बघण्याचा मोह झाला, पण मोटरच्या आवाजाने वझलवार गॅलरीत आले असते. बघायचं काय त्यात? आता बरोबर होणारच होतं. मग अंगावरून ओझं उतरल्यासारखे ते टॅक्सी करून मुलीला आणायला विमानतळावर गेले.

दिवसभर त्यांना एक गोष्ट जाणवत राहिली. सगळे फार खात्रीने बोलत होते. "काही काळजी करू नका, आज नांगर तुमचं ऐकणार," विद्युलताबाई जेवण वाढताना म्हणाल्या. त्या सकाळी होडीला हळदकुंकू वाहून आल्या होत्या. शेषाद्री जिन्यापाशी भेटले आणि त्यांचा हात दाबून म्हणाले, "कण्डिप्पा, अगदीं नक्की चालेल, सार. कण्डिप्पा." वझलवार तर स्वतः होऊन ट्रॉली ढकलायला आले. लोकांचा आपल्यावर इतका विश्वास आहे, या विचाराने खासनिसांना जरा भरून आलं.

दुपारी होडी तळ्यात उतरली. होडीत खासनीस, शेषाद्री आणि ऊर्मी, तिघांच्याही अंगात नारिंगी जाकिटं. काठावर विद्युलताबाई, अंबुजाबाई, वझलवार आणि इमारतीतले इतर जण. शेषाद्रींनी वल्ह्यांनी होडी आत नेली. तळ्यावर ऊन होतं, बगळे होते, पलीकडच्या अंगाला जलपर्णीचा हिरवा गालिचा होता आणि त्या गालिच्यात नाकापर्यंत बुडून पाच-सहा म्हशी उभ्या होत्या.

"आता समज," खासनीस मुलीला सांगू लागले, "ही आपली बाल्कनी. पाण्याला ओढ आहे. होडी इथे थांबली पाहिजे. मी नांगर सोडतो."

त्यांनी 'खाली' असं लिहिलेलं बटण दाबलं.

नांगर आधीच होडीच्या टोकाला टेकलेला होता. तो आणखी वर जाऊ पाहू लागला. दोर ताणला, लोखंडाने लोखंडावर असा किंकाळी फोडणारा आवाज केला की बगळे उडाले. खासनिसांनी हात काढला. सकाळी त्यांनी स्वतः, या दोन हातांनी, तारा बदलल्या होत्या.

त्याच वेळी समुद्राकडचा दुपारचा वारा सुटला. चेन्नईत तो सुटला की माणसं हुश्श करतात. तळ्यातल्या होडीला तो वेगळा वागवतो. होडी आडवी झाली आणि म्हशींच्या दिशेने निघाली.

"बाबा, दुसरं बटण दाबा," ऊर्मी म्हणाली.

"त्यावर 'वर' लिहिलंय."

"असू दे ना! दाबा!"

"असं कसं दाबा? नांगर वरच आहे. जे लिहिलंय त्याच्या उलट वागायचं नाही, ऊर्मी. तसं वागलं तर काय होतं ते मी पाहिलंय. आधी चूक शोधायची, मग हात लावायचा."

"खासनीस सार," शेषाद्री जोराने वल्हं मारत पण आवाज न चढवता म्हणाले, "म्हशी आल्या."

"कळतंय मला!"

होडी जलपर्णीत शिरली. परवान्यातल्या उद्देशाचं इतकं तंतोतंत पालन त्या खात्याच्या इतिहासात कोणी केलं नसेल. सर्वांत पुढच्या म्हशीने डोकं उचललं, कानावरची जलपर्णी झटकली आणि होडीकडे असं पाहिलं की आता या बाबतीत निर्णय तीच घेणार, हे स्पष्ट झालं. खासनीस अजूनही लाल तार डोळ्यांनी शोधत होते. ऊर्मी त्यांच्या हाताखालून वाकली आणि तिने 'वर' दाबलं.

नांगर सुटला. सावकाश, पाणी न उडवता तो तळ्यात गेला. दोर थोडा सैल पडला, मग ताणला, आणि होडीला एक हिसका बसून ती थांबली. म्हशीच्या शिंगात आणि होडीत एका माणसाचा हात मावेल एवढी जागा होती. म्हशीने थोडा विचार केला आणि पुन्हा नाक पाण्यात घातलं.

वारा चालू होता, पण होडी हलत नव्हती.

"थांबली," ऊर्मी म्हणाली.

"पण हे शक्य नाही," खासनीस म्हणाले. मान खाली घालून, मुलीकडे न बघता ते पुढे बोलले, "काल हे उलटं चालत होतं. सगळ्यांसमोर. मला तेव्हा कबूल करवलं नाही. आज सकाळी मी पार्किंगमध्ये येऊन तारा बदलल्या. मग बरोबर चालायला हवं होतं."

शेषाद्रींनी वल्हं आत घेतलं. त्यांचा चेहरा गणिताच्या मास्तरांचा फळ्यावर स्वतःचीच बेरीज चुकल्यावर होतो तसा झाला होता.

"तुम्ही बदलिलांत?"

"हो."

"अय्यो." शेषाद्रींनी वल्हं मांडीवर आडवं ठेवलं. "तुम्ही विमानतळास गेलां नव्हे, तेव्हां मी बदलिलों. मुलगी येणार, तिच्या पुढें तुम्हांस खालीं बघावयास नको म्हणून. सांगितलों असतों तर तुम्हांस वाईट वाटतें."

काठावर आवाज पोचत होता. वाऱ्यावरून विद्युलताबाईंची हाक आली, "काय झालं हो? उलटंच का चाललं?"

"आम्ही दोघांनीही तारा बदलल्या!" खासनीस ओरडले.

काठावर विद्युलताबाईंनी कपाळाला हात लावलेला इतक्या लांबूनही दिसला. "अहो, मग मी कशाला कागद बदलले?"

"कुठले कागद?"

"वर-खालीचे! हळदकुंकू वाहायला गेले तेव्हा! तारांतलं मला काय कळतंय? म्हटलं कागद बदलले की झालं!"

ऊर्मीने बोटांवर हिशेब सुरू केला होता. "थांबा. काल उलटं होतं. बाबांनी बदललं, सुलट झालं. काकांनी बदललं, परत उलट. आईने कागद बदलले, सुलट." तिने वर पाहिलं. "मग सुलट चालायला पाहिजे होतं. अजून कोणीतरी बदललंय."

काठावरची सगळी मंडळी एकमेकांकडे पाहू लागली, आणि मग एकेकाची मान एकाच माणसाकडे वळली. वझलवार बगळे बघत होते.

"वझलवार!" खासनीस ओरडले.

"बॅटरीचे चिमटे!" वझलवार ओरडले, जणू कोणी त्यांच्यावर खटलाच भरला होता. "लाल तिकडे, काळा इकडे! जेवायच्या वेळी! तुम्ही सगळे जेवत होते!"

"पण तुम्ही? तुम्हीच तर होडी नको म्हणत होता!"

"होडी नकोच आहे मला!" वझलवारांचा आवाज चढला. "पण तुमची पोरगी तुम्हाला घेऊन चालली पुण्याला! मग होडीवरून मी भांडू कोणाशी? ह्या शेषाद्रींशी? ते तर हो सार, सेरी सार करून कॉफी पाजतात!"

"परवाइल्लै, असूं द्या," शेषाद्री हळूच म्हणाले.

खासनीस होडीच्या फळीवर बसले. त्यांच्या एका चुकीसाठी त्यांना धरून चार माणसांनी गुपचूप येऊन, पार्किंगमधल्या डासांत वाकून काम केलं होतं. प्रत्येकाने एकट्याने, कोणाला कळू न देता, आणि त्यांतल्या एकाचंही काम चुकलेलं नव्हतं. सगळी मिळून तेवढी चुकली होती.

"बाबा," ऊर्मी म्हणाली. ती हसत होती, आणि डोळे पुसत होती, आणि पुन्हा हसत होती. "मागच्या पुरात तुम्हाला बाहेर कोणी काढलं?"

"होडी नव्हती तेव्हा. शेषाद्रींनी दाराच्या निखळलेल्या फळीवरून आईला जिन्यापर्यंत नेलं. आणि वझलवार... त्यांच्याकडेच तर राहिलो आम्ही. चार दिवस. बोलू नकोस, फार घोरतात."

"हे मला कधी सांगितलं नाहीत."

"तू विचारलंस कुठे? तू दहाव्या मजल्याचं सांगत होतीस."

ऊर्मीने एकदा मंडळी उभी होती त्या काठाकडे पाहिलं. तिथे वझलवार आता विद्युलताबाईंना हातवारे करून बॅटरीच्या चिमट्यांचं काहीतरी समजावून सांगत होते आणि अंबुजाबाई त्यांना मधेच अडवून रगड्याबद्दल सांगत असाव्यात. तिने दोन्ही हातांचा भोंगा केला.

"आई! बॅगा भरू नकोस!"

वाऱ्यावरून विद्युलताबाईंचं उत्तर लगेच आलं.

"भरल्याच कुठे होत्या!"